उतरवलेलं सफरचंद

सोम. १० नोव्हेंबर

ईशू, घसा कसाय? बरा. अंग गरम? नाही. तोंडातले फोड? बसलेत म्हणते. दत्ता, कंबर काय म्हणते? "आहे जागेवर." रेखा, डोकं? उत्तर नाही, म्हणजे दुखतंय. यांना दोनदा विचारावं लागतं, कंपनीतल्या प्रेस शॉपच्या आवाजाने कान नेले. "खोकला कसाय?" "कोण आलंय?" असो. म्हणजे सगळे बरे.

चहा गाळता गाळता रोज ही हजेरी घेते. खानावळ चालवायची तेव्हा जेवायला येणाऱ्या पोरांची घ्यायची, आता मुलाची, सुनेची, नातीची. पोरं हसायची, मावशी डॉक्टर झाल्या म्हणायची. पण कोण पोटभर न जेवता उठला ते मला ताटावरून कळायचं. अजून कळतं.

आज ईशू शाळेत गेली. रक्ताच्या कॅन्सरने घरात पाय ठेवला त्याला वर्ष उलटून गेलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू राहतील, पण आता वर्गात बसू दे. तोंडाला मास्क, घडोघडी हात धुणे, बाहेरचं खायचं नाही. डोक्यावर करडासारखी लव आलीये. ती टोपीखाली झाकून गेली.

दुपारी आली ती एकच पालुपद घेऊन. तन्वीने शेजारची जागा धरून ठेवली होती म्हणे. पाचवीचा वर्ग सहावीत गेला, बाकं बदलली, तरी दप्तर ठेवून जागा धरायची. खरंखोटं देव जाणे. ताट चाटूनपुसून जेवली.

बुध. १२ नोव्हें.

शाळेच्या मोठ्या मॅडम घरी आल्या होत्या, सोबत वर्गाच्या कविता टीचर. ईशूच्या पुढच्या औषधपाण्यासाठी शाळा एक दिवस करणार. नाव काय, तर 'ॲपल डे'. मुलं लाल कपड्यांत येणार, सफरचंदाच्या पदार्थांचे स्टॉल, जो मदत देईल त्याला एक सफरचंद. रोज एक सफरचंद खाल्लं की डॉक्टर लागत नाही, अशी काहीतरी इंग्रजी म्हण आहे म्हणे.

हे म्हणाले, "पेरू ठेवा. स्वस्त पडतील." मॅडम हसल्या. मला हसू आलं ते वेगळंच. वर्षभरात भेटायला आलेल्या प्रत्येक माणसाने पिशवीतून सफरचंदच आणलं. आजाऱ्याकडे दुसरं काही न्यायचं आपल्याला सुचतच नाही. मुरंबा केला, शिरा केला, शेवटी कांदा घालून भाजीसुद्धा केली. दत्ता म्हणाला, आई, आता याचा ठेचा तेवढा राहिला.

मॅडमना पोस्टरवर ईशूचा फोटो हवा होता. टक्कल असलेला. रेखा म्हणाली, "फोटो नको." मॅडम म्हणाल्या, "फोटो असला की लोक मनापासून देतात, ताई." रेखा उठून आत गेली. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासत बसली.

तेवढ्यात दाराआडून ईशू. "फोटो नको. मीच उभी राहते ना. सफरचंदं मी देते सगळ्यांना." मॅडम म्हणाल्या, दमशील. ती म्हणाली, "नुसतं घेत बसायचं मला नको वाटतं."

अकरा वर्षांचं लेकरू. कुठून येतात हे शब्द.

रवि. १६ नोव्हें.

तन्वी आली होती. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते. दोघी गच्चीवर सतरंजी टाकून चिठ्ठ्या करत बसल्या. गोल कागद, त्यावर 'धन्यवाद, ईश्वरी'. प्रत्येक सफरचंदावर एक चिकटवायची. तन्वी गोल कापायची, ईशू लिहायची. अक्षर सुरुवातीला मोत्यासारखं, नंतर कोंबडीचे पाय. मधेच दोघींना कशावरून तरी हसू फुटलं ते आवरेना. खाली स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. रेखा कणीक मळायची थांबून ऐकत होती. मी बघितलं तसं पुन्हा मळायला लागली.

संध्याकाळी तन्वीची आई न्यायला आली. दारातूनच, "एवढं जवळ बसलं तर चालतं ना हो मावशी?"
"अगं, हा काय गोवर आहे का?"
"तसं नाही. आमच्या हिच्यामुळे ईशूलाच काही व्हायला नको."
बोलणं बरोबर होतं. पण चप्पल काढून आत आली नाही.

बुध. १९ नोव्हें.

सफरचंदाची खोकी शाळेत पोचली. दत्ता चाकणहून येताना बघून आला, म्हणाला चांगला माल आहे, वासानेच भूक लागली. उद्या त्याने सुट्टी टाकलीये.

कॅलेंडर बघितलं तर अमावास्या. आज सकाळीच लागली, उद्या दुपारपर्यंत आहे. रेखाला म्हटलं, दिवस पुढेमागे करता आला असता. ती म्हणाली, "आई, शाळेत तिथी बघून दिवस धरत नाहीत." तेही खरं. पण शे-दोनशे माणसांच्या डोळ्यांपुढे आजारातून उठलेलं लेकरू उभं करायचं, तेही अवसेला. मला राहवेना. मीठ-मोहरीची पुडी बांधून ओट्यावर ठेवलीये. उद्या कमरेला खोचून नेईन, कोपऱ्यात नेऊन पटकन दृष्ट काढीन, कुणाला कळायचं नाही.

शिऱ्यासाठी सफरचंदं सोलायला घेतलीत. स्टॉल माझाही आहे.

गुरु. २०

लिहवत नाही. शिऱ्याचं पातेलं नेलं तसं परत आलं. एवढी वर्षं खानावळ चालवली, भरलं पातेलं कधी घरी आणलं नव्हतं.

शुक्र. २१ नोव्हें.

काल काय झालं ते लिहून टाकते. डोक्यातून जात नाही.

मैदानात मांडव, लाल फुगे. पोरं लाल. ईशू लाल फ्रॉक, टोपी, मास्क, हातात पारदर्शक मोजे. मोजे डॉक्टरांनी सांगितलेले, लोकांचं काही तिला लागू नये म्हणून. पण बघणाऱ्याला वाटावं हिचंच काही लोकांना लागू नये म्हणून घातलेत. ते आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रांग लागली. ईशू टेबलापाशी उभी. बायका यायच्या, तिच्याकडे बघायच्या, स्वतःच्या गालाला बोट लावून च्च च्च करायच्या. माया असते त्यात, नाही कोण म्हणतं. पण एकेक च्च माझ्या काळजात रुतत होती. हात कमरेला गेला. पुडी नव्हती. ओट्यावरच राहिली.

आणि मग समोरच्या खोक्यातलं वरचं सफरचंद मी कधी उचललं मला कळलं नाही. तिच्या डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवलं. आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, इडापिडा जाऊ दे. ईशू कुजबुजली, "आज्जी, इथे नको ना."

दृष्ट काढलेलं आगीत टाकायचं असतं. भज्यांच्या स्टॉलवर शेगडी होती, तिकडे निघाले. तेवढ्यात कविता टीचर आल्या. "आजी, द्या इकडे, पहिलं सफरचंद भाऊंना द्यायचंय." माझ्या हातातून घेतलं, ईशूच्या हातात दिलं. भाऊ म्हणजे इथल्या जुन्या गावातले, शाळा उभी आहे ते त्यांच्या बापाचं वावर. ईशूने त्यांना सफरचंद दिलं, फोटो निघाला. टाळ्या.

मी बोलायला हवं होतं. भाऊ, ते ठेवा, दुसरं घ्या, म्हाताऱ्या माणसाची चूक झाली. एवढंच.

भाऊंच्या मंडळींनी बघितलं होतं. काकी म्हणतात त्यांना सगळे. हळूच म्हणाल्या, पण इतकं हळू नाही. "आवो, खाली ठिवा त्ये. म्हातारीनं उतरवल्यालं हाय."
भाऊ म्हणाले, "गप की जरा. लेकराच्या देखत काय बोलतीस."
"आमी काय खोटं बोलतोय व्हय? आज अवस हाय."

भाऊ भला माणूस. ओशाळला. हसत हसत ते सफरचंद खोक्यात परत ठेवलं आणि दुसरं उचललं. तिथेच सगळं फिरलं. त्या एकाला वेगळं काढलं असतं तर एकावरच निभावलं असतं. आता कुणाला माहीत कुठलं उतरवलेलं. एकासारखं दुसरं, सगळ्यांवर ईशूची चिठ्ठी.

बातमी रांगेच्या टोकाला पोचायला कितीसा वेळ लागतो. तरी कुणी नाही म्हणालं नाही. पेटीत पैसे टाकले, पोरीने हात पुढे केला की सफरचंद घेतलं, पदरात, पिशवीत, रुमालात. एवढं काळीज नव्हतं कुणाचं की तिच्या तोंडावर नको म्हणावं. पण खाल्लं कुणी नाही. आणि माझ्या शिऱ्याकडे कुणी फिरकलं नाही.

घरी येताना ईशू दत्ताच्या गाडीवर मागे बसून ओरडत आली, "आज्जी, सगळी संपली. एक पण उरलं नाही."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पैसे शाळेने दवाखान्यात परस्पर भरले. तेवढं तरी झालं.

शनि. २२ नोव्हें.

रक्त तपासायला दत्ता तिला सकाळी घेऊन गेला. तिथल्या वाटेवर तिकटी आहे, तीन रस्ते मिळतात तिथे, विजेच्या डीपीपाशी. तिथे लोक अवसेपुनवेला लिंबू, नारळ, भाताचे मुटके टाकतात. नेहमीचंच.

तिथे ईशूची सफरचंदं होती.

दत्ता म्हणतो मी गाडी दामटली, पण तिने पाठीवर बुक्क्या मारून थांबवायला लावलं. उतरली. एकेक बघत गेली. काही डीपीच्या कट्ट्यावर नीट ओळीत ठेवलेली, काही गटाराकडेला, चाकाखाली येऊन फुटलेली. बऱ्याच जणांनी चिठ्ठी सोलून टाकली होती. एकावर हळदकुंकू वाहिलेलं, बाजूला लिंबू. एक शेळी खात उभी होती. दत्ता म्हणाला, चल बाळा. ती म्हणाली, थांबा, सगळी बघू दे.

घरी आली, साबणाने हात धुतले, धुतच राहिली. मग माझ्यापुढे येऊन उभी.
"तू माझ्यावरून फिरवलंस म्हणून टाकली का?"
मी म्हटलं, हो.
"मग माझ्या हाताला काही नाही ना झालेलं?"
मी म्हटलं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही, बाळा, हात माझा होता.
मान हलवली. पण पटलं नाही. जेवताना चपाती चमच्याने उचलत होती.

दत्ता म्हणाला, "आई, तुला कुणी सांगितलं होतं?" एवढंच. रेखाने संध्याकाळी माझ्या हातचा चहा घेतला नाही, स्वतःचा वेगळा ठेवला.

सोम. २४ नोव्हें.

ईशू शाळेतून आली. दप्तर ठेवलं. मी विचारायच्या आधीच, "तन्वीला पुढच्या बाकावर बसवलंय. तिला नंबर लागलाय, फळ्यावरचं दिसत नाही."
"मग चष्मा घातला होता का?"
"नाही."
जरा वेळाने, "पुढच्या आठवड्यात येणारे चष्मा."
तिनेच तन्वीची बाजू घेतली. शेजारी कोण बसतं मग, विचारलं. दप्तर, म्हणाली.

डबा अर्धा परत.

मंगळ. २५ नोव्हें.

तन्वीच्या घरी जाऊन आले. रेखाला सांगितलं नाही. तन्वीची आई एकटीच होती. तन्वीचा धाकटा भाऊ आत झोपलेला, डेंग्यूचा ताप, रक्तातल्या पेशी उतरल्यात, दोन दिवस दवाखान्यात ठेवून काल घरी आणलाय. मला माहीतच नव्हतं. आधी त्याची चौकशी केली. पपईच्या पानांचा रस देते म्हणाली. डॉक्टरांना विचारून दे, म्हटलं.

मग बोलले. "त्या दिवशीचं सगळं मी केलं. लेकराचा काही संबंध नाही. बाक बदलायला तू सांगितलंस का?"
ती रडायलाच लागली. "मावशी, मी बारावी सायन्स आहे. डास चावला, मला कळतं. पण त्या दिवशी सफरचंद घरात आलं आणि दुसऱ्या दिवशी याला ताप. कळतं तरी भीती वाटते, त्याला मी काय करू?"
"सफरचंद काय केलंस?"
"मला नका विचारू."

माझंच पीठ, मीच दळलेलं. मी दृष्ट मानते म्हणूनच उतरवली ना. तिने तेच मानलं तर तिला कुठल्या तोंडाने रागवू. उठताना तिने कुंकू लावलं. रीत चुकली नाही, पण करंगळीने, लांबून.

बुध. २६ नोव्हें.

आज जे केलं ते बरं की वाईट, ठरवता येत नाही.

सकाळी भाजीला गेले. तिकटीवर नेहमीची गर्दी, चहाची गाडी, दूधवाला, मुलांना बसला सोडायला आलेल्या बायका. डीपीच्या कट्ट्यावर मागच्या बाजूला एक सफरचंद अजून होतं. जरा सुरकुतलेलं, चिठ्ठी निघालेली. उचललं. चहावाल्याकडून पाणी मागून धुतलं. बायका बघायला लागल्या. एकजण म्हणाली, अहो मावशी, ते तसलं आहे. मी म्हटलं, माहीत आहे. माझ्याच नातीचं आहे.

आणि सगळ्यांसमोर खाल्लं. दात कुठे आहेत आता, दाढेने तोडून तोडून खाल्लं. मनात होतं, म्हातारी धडधाकट घरी गेलेली बघतील, उद्याही बघतील, परवाही. आपोआप भीती जाईल. बियासुद्धा थुंकल्या नाहीत.

चहावाला भला पोरगा, एकेकाळी माझ्याकडे जेवायला होता. तेवढाच म्हणाला, "मावशी, कशाला? आता तुमच्या नावाने ओरडतील." त्याने दिलेला पाण्याचा ग्लास परत गाडीवर ठेवला. वळून पाहिलं तर तो त्याने बाजूला काढून ठेवला होता.

गुरु. २७ नोव्हें.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. खालच्या मजल्यावर घट मांडतात. दरवर्षी कहाणी वाचायला मला बोलावतात. शाळेचं तोंड बघितलं नाही मी, रद्दीच्या पेपरातल्या पुड्या सोडता सोडता वाचायला शिकले. पण वाचते खणखणीत. आज वाट बघितली. खालून आवाज आला, कुणी शाळकरी मुलगी अडखळत वाचत होती.

ईशू शाळेत गेली नाही. पोट दुखतं म्हणाली. उद्याही दुखणार आहे म्हणाली.

म्हटलं, लोकांच्या मनातली अढी कशी काढायची. हे पेपर वाचत होते, एरवी ढोल वाजला तरी ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू आलं. "लोकांचं सोड. तू मानतेस का नाही ते सांग. मानतेस तर खाल्लंस कशाला, आणि मानत नाहीस तर काढलीस कशाला?"

पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने मला असं कधी अडवलं नव्हतं. खरं लिहायचं तर भीती एकच आहे. आगीत न टाकता दृष्ट अर्धी सोडली की ती परत त्याच माणसावर येते, असं माझी आई म्हणायची. हे मी कुणाला बोलले नाही.

शनि. २९ नोव्हें.

सकाळची हजेरी. ईशू, अंग गरम? हात लावला. चटका बसला.

थर्मामीटर बघून रेखाने पिशवी भरायला घेतली. तिची पिशवी वर्षभर तयारच असते. या लेकरांना ताप आला की थांबायचं नसतं, तासाभरात दवाखाना. दत्ता पहिल्या शिफ्टला चाकणला. रिक्षा केली. ईशू रिक्षात आईच्या मांडीवर डोकं ठेवून, पाय माझ्या मांडीवर. पाय गार, डोकं तापलेलं.

चिंचवडच्या दवाखान्यात ठेवून घेतलंय.

सोम. १ डिसेंबर

पांढऱ्या पेशी फार खाली आल्यात. डॉक्टरांनी दत्ताला आणि रेखाला खोलीत बोलावलं, मी दाराशी. साधा व्हायरस असू शकतो, गोळ्यांनीही पेशी पडतात, किंवा. त्या किंवाच्या पुढचं, आजार उलटल्याचं, आम्हीच समजून घेतलं. कमरेच्या हाडातला मगज काढून तपासायला दिलाय. रिपोर्ट यायला चार-पाच दिवस. दत्ता म्हणाला, "सर, सफरचंदामुळे वगैरे?" तोंडातून निघून गेलं त्याच्या. डॉक्टरांना वाटलं खाण्याबद्दल विचारतोय. म्हणाले, साल काढून द्या, सफरचंद चालतं.

दत्ता बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझा मुलगा.

दुपारी रेखा माझ्याजवळ येऊन बसली. दहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून. हातातल्या बाटलीचं झाकण फिरवत होती. मग म्हणाली, "आई, घरून मीठ-मोहऱ्या आणाल का?"

पदवीधर पोरगी. पोस्टरला नाही म्हणणारी.
"तू मानत नाहीस ना."
"नाही मानत," म्हणाली. "तरी आणा."

मंगळ. २ डिसें.

पुडी आणली. भेटीच्या वेळेला एकालाच आत सोडतात. रेखा म्हणाली, तुम्ही जा. मास्क, टोपी, पायात पिशव्या घालून आत गेले. ईशू डोळे मिटून पडलेली. सलाइन. हनुवटी किती बारीक झालीये.

मुठीत पुडी. हात वर होईना. खानावळीची पिंपं उचललेला हात, तो खांद्याच्या वर जाईना. उभी राहिले आणि वेळ संपल्याचं सिस्टर सांगायला आली.

बाहेर रेखाने विचारलं, काढली? मी म्हटलं, हो.

पुडी अजून माझ्याजवळच आहे.

बुध. ३ डिसें.

आज ताप जरा उतरला. पण खात नाही. मऊ भात दोन चमचे, तोही आईच्या हातून. रिपोर्ट नाही.

आत गेले तर जागी होती. पायांना तेल लावायला बसले, ते तिला आवडतं. बोलली आपणहून.
"आज्जी, तन्वीने तिचं खाल्लं का गं?"
मी हात थांबवला नाही. म्हटलं, विचारून सांगते.
"तिच्या आईला नको विचारू. आई खोटं सांगेल. तिलाच विचार."
"आणि नसेल खाल्लं तर?"
मग म्हणाली, "मला खरं पाहिजे. तिथे मी सगळी बघितली ना, पण चिठ्ठ्या काढलेल्या होत्या. कुठलं कुणाचं कळत नव्हतं."

म्हणजे त्या दिवशी तिकटीवर ती तेच शोधत होती. आम्हाला वाटलं, लोकांनी टाकलं म्हणून बघत उभी आहे. तिला लोकांशी काही देणंघेणं नव्हतं. आणि मी जे धुऊन खाल्लं ते कुणाचं होतं, ते मलाही माहीत नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसून पत्र लिहिलं. आधी इथे लिहिते, मग चांगल्या कागदावर उतरवून, आज शाळा सुटताना तन्वीच्याच हातात द्यायला दत्ताजवळ देते. तो म्हणाला फोन कर की. फोन तिची आई उचलते.

चि. तन्वीस,

तुझा भाऊ कसा आहे? ताप गेला का, जेवतो का? तुझी आई जागरणाने थकली असेल, तिला म्हणावं आजीने विचारलंय. बाबांची नाइट शिफ्ट चालू आहे का? आणि तू कशी आहेस, डोळ्यांचं खरंच काही आहे का?

ईशूला ताप आला म्हणून दवाखान्यात ठेवलंय. कशाने आला ते अजून कळायचंय. सफरचंदामुळे नाही, आणि तुझ्यामुळेही नाही. त्या दिवशी सफरचंद तिच्यावरून उतरवलं ते मी. चूक माझी, तिच्या हाताची नाही, तुझ्याही हाताची नाही. मोठी माणसं घाबरली की काहीही करतात. मीही केलं.

तिला एकच विचारायचंय. तू तुझं सफरचंद खाल्लंस का? खाल्लं असशील तर तसं लिही. आईने टाकलं असेल तर तसं लिही. तूच टाकलं असशील तरी तसंच लिही, बाळा, मी रागावणार नाही आणि तीही नाही. पण जे असेल ते तुझ्या हाताने, तुझ्या अक्षरात लिही. दुसऱ्या कुणाचं तिला चालणार नाही.

दत्ताकाका उद्या शाळा सुटताना गेटपाशी उभे राहतील. दोन ओळी पुरे. मी तिला सांगून बसलेय की तू लिहिशील. लवकर लिही.